शोध आणि विजेट: एव्हरीथिंग, रेनमीटर आणि आपल्या मराठी फायली

विंडोज एक्सपीच्या काळात ज्यांनी गुगल डेस्कटॉप वापरलं, त्यांना कंट्रोल कळ दोनदा दाबली की उघडणारी छोटी चौकट आठवत असेल. ऑक्टोबर २००४ मध्ये बीटा म्हणून आलेल्या या मोफत प्रोग्रॅमला २००५ साली साइडबार जोडला गेला आणि एकाच ठिकाणी दोन सोयी झाल्या. संगणकातली हवी ती फाईल टाइप करता करता सापडायची आणि पडद्याच्या कडेला घड्याळ, हवामान, टिपणं मांडून ठेवता यायची. सप्टेंबर २०११ मध्ये गुगलने ते बंद केलं. व्हिस्टा आणि विंडोज ७ मधली गॅजेट्सही फार टिकली नाहीत. जुलै २०१२ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनेच, सुरक्षेतल्या त्रुटींमुळे ती बंद करा असं सांगितलं. तीच जुनी गॅजेट्स नव्या विंडोजवर परत बसवून देणारे संच अजूनही मिळतात, ते टाळावेत. गॅजेट म्हणजे वेबपानासारखा छोटा प्रोग्रॅम, पण त्याला तुमच्या खात्याचे सगळे अधिकार मिळतात. त्रुटी होती ती या रचनेतच.

गुगल डेस्कटॉपची जागा घेणारं एकच साधन शोधण्यात वेळ घालवू नये. कामाची वाटणी केली तर आज त्याहून चांगली सोय होते, तीही फुकट आणि कुठेही खातं न उघडता. फाईल नावाने शोधायला एव्हरीथिंग, फाईलच्या आतला मजकूर शोधायला डॉकफेचर आणि पडद्यावरच्या विजेटसाठी रेनमीटर. शोधाचं काम पूर्णपणे तुमच्याच संगणकावर चालतं, हा मोठाच फरक आहे. गुगल डेस्कटॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत, २००६ साली, एका संगणकावरून दुसऱ्यावरच्या फायली शोधण्याची सोय आली होती. ती चालू केली की फायलींतला मजकूर गुगलच्या सर्व्हरवर जाऊन बसायचा. त्यावर तेव्हा बरीच टीका झाली होती, आणि ती योग्यच होती.

एक खुलासा आधीच करतो. शोधाच्या खुणा आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाकायची. कोलनच्या आधी किंवा नंतर जागा सोडायची नाही.

एव्हरीथिंग इतकं वेगवान का आहे

विंडोजचा स्वतःचा शोध फोल्डरमागून फोल्डर उघडत जातो किंवा आधी बनवलेल्या सूचीत पाहतो. ही सूची सुरुवातीला फक्त डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा ठरलेल्या जागांची असते. आपल्याकडे तर संगणक घेतला की सगळं काम डी ड्राइव्हवर ठेवायची पद्धत आहे. त्यामुळे विंडोज ज्या जागेची सूची बनवत नाही, नेमक्या तिथेच आपल्या फायली असतात. मग शोध मिनिटभर फिरत राहतो आणि शेवटी काही सापडलं नाही म्हणून सांगतो.

व्हॉइडटूल्सच्या डेव्हिड कार्पेंटर यांनी लिहिलेलं एव्हरीथिंग फोल्डर उघडतच नाही. एनटीएफएस पद्धतीच्या प्रत्येक ड्राइव्हवर मास्टर फाईल टेबल नावाचा तक्ता असतो, त्यात प्रत्येक फाईलची नोंद असते. एव्हरीथिंग तो तक्ता थेट वाचतं. त्यानंतरचे बदल यूएसएन जर्नल या विंडोजच्याच रोजकिर्दीतून कळत राहतात, म्हणून आत्ता बनवलेली फाईलही लगेच दिसते. व्हॉइडटूल्सच्या माहितीप्रमाणे सुमारे १,२०,००० फायलींची सूची बनायला साधारण १ सेकंद लागतो आणि १० लाख फायलींना सुमारे १ मिनिट. १० लाख फायलींसाठी सुमारे ७५ एमबी रॅम आणि ४५ एमबी डिस्क खर्च होते. ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपलाही हे झेपतं.

डाउनलोड व्हॉइडटूल्स डॉट कॉमवरूनच करा. 'एव्हरीथिंग' हा इतका सर्वसाधारण शब्द आहे की सर्च इंजिनात टाकला तर जाहिरातींचे भलतेच दुवे वर येतात. विंडोज १० किंवा ११ वर टर्मिनल उघडून विंगेट या प्रोग्रॅम बसवणाऱ्या आज्ञेने बसवणं आणखी सुरक्षित. इन्स्टॉल करताना एव्हरीथिंग सर्व्हिस बसवायची का असं विचारलं जातं, तिथे हो म्हणा. मास्टर फाईल टेबल वाचायला प्रशासकाचे अधिकार लागतात. सर्व्हिस नसेल तर दर वेळी परवानगीची चौकट येते, आणि ती नाकारली की यादी रिकामी दिसते. 'बसवलं पण काहीच दिसत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

लाइट नावाची आवृत्तीही तिथेच मिळते. तिच्यात इतर प्रोग्रॅमांना एव्हरीथिंगशी बोलण्याची सोय काढून टाकलेली आहे. टास्कबारवर शोधपट्टी देणारा एव्हरीथिंग टूलबार तिच्यावर चालत नाही. पुढे काही जोडायचा विचार असेल तर साधी आवृत्तीच घ्या.

घरात एकच संगणक अनेकजण वापरत असतील तर एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सर्व्हिस चालू असताना एव्हरीथिंगमध्ये त्या ड्राइव्हवरच्या सगळ्या खात्यांतल्या फायलींची नावं दिसतात. उघडण्याचे अधिकार पूर्वीसारखेच राहतात, पण नाव दिसतंच. नावातच आजाराचं किंवा पगाराचं वर्णन असेल तर तेवढंही पुरतं. कार्यालयातल्या सामायिक संगणकावर हे बसवण्याआधी सगळ्यांना सांगून ठेवावं. ऑप्शन्समध्ये एचटीटीपी आणि ईटीपी असे दोन सर्व्हर आहेत, ते मुळात बंद असतात. पूर्ण समजल्याशिवाय चालू करू नका, नाहीतर तुमची यादी नेटवर्कवरच्या इतरांनाही उघडी होते.

पेनड्राइव्ह दिसत नाही, हा नेहमीचा प्रश्न. बहुतेक पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात आणि त्यांत तो तक्ताच नसतो. टूल्स, ऑप्शन्स, इंडेक्सेस, फोल्डर्स इथे जाऊन तो ड्राइव्ह फोल्डर म्हणून जोडावा लागतो. मग एव्हरीथिंग तो एकेक फोल्डर करत वाचतं, त्यामुळे वेग कमी पडतो. नेटवर्कवरचं फोल्डरही असंच जोडायचं आणि ते पुन्हा कधी तपासायचं ते तिथेच ठरवायचं. रोज रात्रीची वेळ पुरेशी असते. दर १० मिनिटांनी तपासायला लावलं तर नेटवर्क उगाच गुंतून राहतं.

कपाटात पडून असलेल्या हार्डडिस्कसाठीची सोय फार कमी लोक वापरतात, खरं तर तीच सगळ्यात मोलाची आहे. टूल्समधला फाईल लिस्ट एडिटर उघडा, डिस्क जोडून तिचे फोल्डर त्यात ओढा आणि यादी ईएफयू फाईल म्हणून जतन करा. मग ऑप्शन्समधल्या फाईल लिस्ट्समध्ये ती जोडा. आता डिस्क काढून ठेवली तरी तिच्यातल्या फायली शोधात दिसतात. फाईल उघडणार नाही, पण लग्नाचे फोटो तीन डिस्कपैकी कुठल्या डिस्कवर आहेत ते लगेच कळतं. यादीला डिस्कवर चिकटवलेल्या चिठ्ठीचंच नाव द्या.

शोधाच्या खुणा थोड्याच आहेत. दोन शब्दांमध्ये जागा सोडली की दोन्ही हवेत असा अर्थ होतो. उभी रेघ | म्हणजे हा किंवा तो. शब्दाआधी ! म्हणजे हा नको. गट करायला < आणि > वापरतात, साधे कंस मुळात चालत नाहीत. 'एक्स्ट:पीडीएफ;डॉक्स' असं दिलं की फक्त त्याच प्रकारच्या फायली येतात. एक्स्ट म्हणजे एक्स्टेन्शन या शब्दाची पहिली तीन अक्षरं. 'डीएम:टुडे' म्हणजे आज बदललेल्या फायली, 'डीएम:थिसवीक' म्हणजे या आठवड्यातल्या, आणि डीएम नंतर नुसतं वर्ष दिलं तर त्या वर्षातल्या. 'साइज:>५००एमबी' ही खूण डिस्क भरली की सगळ्यात आधी वापरावी. गळ्यापर्यंत भरलेल्या सी ड्राइव्हवर पाचदहा अगडबंब फायलीच दोषी असल्याचं बहुतेक वेळा दिसतं.

'ड्यूप:' ही खूण एकाच नावाच्या फायली दाखवते, 'साइजड्यूप:' एकाच आकाराच्या. यावरून थेट डिलीट करू नका. कॅमेऱ्यातले फोटो ठराविक क्रमांकांनीच जतन होतात, त्यामुळे दोन वेगळ्या सहलींचे फोटो एकाच नावाचे असू शकतात. नाव आणि आकार दोन्ही जुळले तरी एकदा उघडून पाहा, मगच हात लावा.

उघडायची कळ ऑप्शन्समधल्या कीबोर्ड पानावर ठरवता येते. इथे कंट्रोल आणि ऑल्ट यांची जोडी घेऊ नका. विंडोजच्या लेखी ती जोडी म्हणजे ऑल्टजीआर, म्हणजेच उजवी ऑल्ट कळ, आणि मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर काही जादा अक्षरं ऑल्टजीआरनेच उमटतात. विंडोज कळ आणि शिफ्टसोबत एखादं अक्षर घ्या.

मराठी नावांच्या फायली का सापडत नाहीत

इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत हा भाग नसतो, म्हणून इथे सविस्तर लिहितो. फाईल समोर दिसते, नाव जसंच्या तसं टाइप केलं जातं, आणि तरी निकाल शून्य. चूक एव्हरीथिंगची नसते. डोळ्यांना एक दिसणारी दोन नावं संगणकाच्या लेखी वेगळी असतात.

पहिला गुन्हेगार म्हणजे 'ॲ'. हे अक्षर युनिकोड या जगभरातल्या लिप्यांच्या संकेतपद्धतीत एकसंध स्वरूपात २००८ च्या ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी आणि काही कीबोर्डांवर आजही, 'अ' टाइप करून त्यावर अर्धचंद्राची मात्रा दिली जाते. दोन्ही रूपं पडद्यावर सारखीच दिसतात, पण एका रूपात एक सांकेतांक, म्हणजे अक्षराचा संगणकातला क्रमांक, आहे आणि दुसऱ्यात दोन. त्यामुळे 'ॲडमिशन' शोधलं तर 'अॅडमिशन' नावाची फाईल येत नाही. यावर साधा उपाय म्हणजे पहिलं अक्षर सोडून नुसतं 'डमिशन' शोधणं. एव्हरीथिंग नावात कुठेही तुकडा जुळला तरी दाखवतं, त्याचा इथे चांगला उपयोग होतो.

दुसरा 'ऱ्य'. दऱ्या, सुऱ्या, शेतकऱ्यांना, कर्मचाऱ्यांची. हा चंद्रकोरीसारखा रफार दोन वाटांनी लिहिता येतो. एका वाटेत खालच्या टिंबाचा 'ऱ' आणि त्याला हलन्त. दुसऱ्या वाटेत साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर झेडडब्ल्यूजे नावाचं अदृश्य जोडचिन्ह. दिसायला तेच, आत वेगळं. शिवाय 'ऱ' सुद्धा एकसंध किंवा 'र' अधिक नुक्ता असा फोडलेला असू शकतो. जुन्या मॅकवरून आलेल्या फायलींच्या नावांत ही फोड हमखास आढळते, कारण तिथली एचएफएस प्लस ही डिस्कपद्धत नावं फोडूनच साठवायची. शासकीय आणि सहकारी कामात तर 'कर्मचाऱ्यांची यादी' या एका नावाच्या तीन जाती एकाच फोल्डरमध्ये असू शकतात. अशा वेळी नडणारं अक्षर वगळून शब्दाचे दोन तुकडे द्या: 'कर्मचा', जागा, 'यांची'. तिन्ही जाती एकदम येतात.

इथे तारकाचिन्ह वापरायचा मोह होतो. 'कर्मचा*यांची' असं दिलं तर एव्हरीथिंग मुळात पूर्ण नाव त्या साच्यात बसतं का ते पाहतं. म्हणजे 'कर्मचा'ने सुरू होणारी आणि 'यांची'ने संपणारी फाईल. नावाच्या शेवटी प्रकाराची अक्षरं असतातच, त्यामुळे काहीच जुळत नाही. तारका वापरायचीच तर सुरुवातीला आणि शेवटीही हवी. प्रश्नचिन्हाचाही भरवसा धरू नका. ते एका सांकेतांकासाठी असतं, आणि आपलं एक अक्षर दोनतीन सांकेतांकांचं असतं.

अनुस्वार आणि परसवर्ण यांचाही घोळ होतो. 'पंत' आणि 'पन्त' हे दोन वेगळे शब्द आहेत, तसंच '२०२३' आणि इंग्रजी अंकांतलं तेच वर्ष. यांच्यासाठी उभ्या रेघेने दोन्ही रूपं द्यावी लागतात. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' मात्र निश्चिंतपणे सोडून द्या. हिंदी वळणापेक्षा ते वेगळे दिसतात खरे, पण तो फरक फॉन्टमधला आहे, सांकेतांक एकच.

कायमचा उपाय म्हणजे नावं एकसारखी करून टाकणं. मायक्रोसॉफ्टच्या मोफत पॉवरटॉइज संचात पॉवररीनेम आहे. फायली निवडा, उजवी कळ दाबा, शोधायच्या रकान्यात एक रूप आणि बदलायच्या रकान्यात दुसरं रूप चिकटवा. प्रत्यक्ष बदलण्याआधी सगळी नवी नावं शेजारी दिसतात. नव्या फायलींसाठी नावाच्या सुरुवातीला वर्ष, महिना, दिवस या क्रमाने इंग्रजी अंकांत तारीख टाका. मग एक मराठी शब्द आणि एक इंग्रजी. इंग्रजी शब्दाचा फायदा असा, की ज्याच्या संगणकावर मराठी कीबोर्ड नाही त्यालाही फाईल सापडते.

फाईलच्या आतला मजकूर

एव्हरीथिंगमध्ये 'कंटेंट:' ही खूण आहे, पण तिची सूची आधी बनलेली नसते. ती प्रत्येक फाईल डिस्कवरून उघडून वाचते. नुसती दिली तर संगणक तासभर दमतो. आधी फोल्डर, प्रकार आणि तारीख देऊन यादी शे-दोनशे फायलींवर आणा, मग ती जोडा.

नेहमीच आत शोधायचं असेल तर डॉकफेचर हे मुक्त साधन घ्या. डावीकडच्या सर्च स्कोप चौकटीत उजवी कळ, क्रिएट इंडेक्स फ्रॉम, फोल्डर, एवढंच. वर्ड, ओपनऑफिस, पीडीएफ, साध्या मजकुराच्या फायली सगळं वाचतं. पूर्ण ड्राइव्ह देऊ नका, कामाचं फोल्डरच द्या, नाहीतर मोठ्या पीडीएफ वाचताना मेमरी अपुरी पडल्याचा निरोप येतो.

इथे मराठी व्याकरण आड येतं. डॉकफेचर पूर्ण शब्द जुळवतं आणि आपल्याकडे शब्दाला प्रत्यय लागला की त्याचं रूपच बदलतं. 'घर' शोधलं की 'घराचा', 'घरात' येत नाही. म्हणून 'घर*' द्या. 'शेतकरी'सारख्या शब्दात मुळातच बदल होतो, तिथे 'शेतक*' पर्यंत मागे यावं लागतं, म्हणजे 'शेतकऱ्यांना' सापडतो आणि ऱ्यचा घोळही टळतो. 'पाणी' आणि 'पाण्याचा' या दोन्हींसाठी 'पाण*'. जादा निकाल येतील, ते चालवून घ्यावेत.

एवढं करूनही काहीच सापडलं नाही, तर फाईल युनिकोडमध्ये आहे का ते तपासा. श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर संगणकाला इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच वाटतो, मराठी फक्त फॉन्टमुळे दिसतं. एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर फॉन्ट जुना आहे. अशा फायली कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणल्याशिवाय कुठलाही शोध चालणार नाही. मूळ प्रत ठेवूनच बदला, कारण जोडाक्षरं आणि रफार चुकतात आणि नजरेखालून घालावे लागतात.

युनिकोडमध्ये लिहिलेल्या पीडीएफमध्येही हीच चाचणी करून पाहा. पीडीएफमध्ये अक्षरांच्या आकृत्या साठवलेल्या असतात. आकृतीवरून परत अक्षर ओळखताना ऱ्हस्व वेलांटी जागा बदलते, जोडाक्षर गळून जातं. मूळ वर्ड फाईल पीडीएफशेजारी ठेवणं हाच त्यावरचा भरवशाचा उपाय. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तर मजकूर नसतोच, नुसतं चित्र असतं. त्यासाठी नॅप्स२ हा मोफत प्रोग्रॅम घ्या. त्यात ओसीआरसाठी, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखायला, टेसरॅक्ट इंजिन वापरलं जातं. मराठी भाषा डाउनलोड करून पीडीएफ आयात करा आणि शोधता येण्याजोगी म्हणून जतन करा. स्कॅन ३०० डीपीआयचं असावं, त्याखाली मात्रा आणि अनुस्वार नीट ओळखले जात नाहीत.

विंडोजचा स्वतःचा शोध बंद करा असा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो. तो मानू नका. स्टार्ट मेनूचा आणि आउटलुकचा शोध त्याच्यावर अवलंबून आहे.

रेनमीटर: पडद्यावरची विजेट

रेनमीटर २००१ पासून आहे आणि मुक्त आहे. त्याच्या विजेटला स्किन म्हणतात. स्किन म्हणजे आयएनआय प्रकारची साधी मजकूर-फाईल, ती डॉक्युमेंट्समधल्या रेनमीटर फोल्डरात, स्किन्सच्या आत ठेवलेली असते. डॉक्युमेंट्स वनड्राइव्हवर गेलेलं असेल तर स्किन्सही तिकडे जातात आणि कधीकधी सुरू होताना सापडत नाहीत. मग ॲपडेटा या विंडोजच्या फोल्डरातल्या रेनमीटर आयएनआयमध्ये स्किनपाथची ओळ बदलून स्थानिक फोल्डर द्या.

तयार स्किन आरएमस्किन फाईलमध्ये मिळतात, डबल क्लिक केलं की बसतात. बसवण्याआधी चौकटीत काय काय येणार त्याची यादी दिसते. त्यात प्लगइन असेल तर थांबा. प्लगइन म्हणजे डीएलएल, पूर्ण अधिकारांचा प्रोग्रॅम. अनोळखी ठिकाणचा तो घेऊ नये. हवामानाच्या स्किन वर्षभराने रिकाम्या का होतात, तेही इथेच सांगतो. त्या एखाद्या संकेतस्थळाचं पान वाचून त्यातला आकडा उचलतात. पानाची रचना बदलली किंवा सेवा बंद झाली की आकडा सापडत नाही. अशा स्किनमागे धावण्यात अर्थ नाही. घड्याळ, तारीख, डिस्क, रॅम यांना बाहेरचं काही लागत नाही, म्हणून त्या टिकतात.

मराठी वार दाखवणारी स्किन स्वतः बनवणं सोपं आहे. स्किन्समध्ये एक फोल्डर करा, त्यात आयएनआय फाईल. पहिल्या चौकटी कंसात रेनमीटर, त्याखाली 'अपडेट=१०००' आणि 'डायनॅमिकविंडोसाइज=१'. हजार म्हणजे मिलिसेकंद. दुसरी ओळ वगळली तर 'बुधवार' नीट दिसतो आणि दुसऱ्या दिवशी 'गुरुवार'चा शेवट कापला जातो, कारण खिडकीची रुंदी सुरुवातीला एकदाच मोजली जाते. मग एक मेझर, म्हणजे माहिती आणणारा भाग: 'मेझर=टाइम', 'फॉरमॅट=' पुढे टक्का चिन्ह आणि मोठा ए. हा इंग्रजी वार देतो. त्याला 'सब्स्टिट्यूट=' ओळीत दुहेरी अवतरणात "मंडे":"सोमवार" अशा स्वल्पविरामाने जोडलेल्या सात जोड्या द्या, डावा शब्द अर्थात इंग्रजी लिपीत. तारखेसाठी टक्का, हॅश चिन्ह (#) आणि लहान डी घेतला तर ०५ ऐवजी ५ येतं. अंक देवनागरी करायला याच ओळीत दहा अंकांच्या जोड्या. टक्क्यापुढचा मोठा एम म्हणजे मिनिट आणि लहान एम म्हणजे महिना, इथे गल्लत होते. शेवटी मीटर, म्हणजे ती माहिती पडद्यावर दाखवणारा भाग: 'मीटर=स्ट्रिंग', मेझरचं नाव, 'फॉन्टफेस=निर्मला यूआय', 'फॉन्टसाइज=१८', 'अँटीअलायस=१'. निर्मला यूआय विंडोज ८ पासून मुळातच असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही फाईल नोटपॅडमधून सेव्ह ॲज करताना खालच्या एन्कोडिंग रकान्यात यूटीएफ-१६ एलई निवडा. विंडोज ७ च्या नोटपॅडमध्ये याचंच नाव नुसतं युनिकोड होतं. रेनमीटर स्किनमधलं यूटीएफ-८ वाचत नाही. तसं ठेवलं तर एकेका मराठी अक्षराच्या जागी तीन-तीन चिन्हांचा कचरा दिसतो आणि त्यात डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए पुन्हा पुन्हा येतो. हा ए दिसला की कारण शोधत बसू नका, एन्कोडिंग बदला. अन्सी हे जुनं एन्कोडिंग निवडलं तर गोष्ट आणखी वाईट. मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि फाईल बंद केल्यावर ती परत येत नाहीत.

डिस्कच्या मोकळ्या जागेसाठी 'मेझर=फ्रीडिस्कस्पेस' आणि 'ड्राइव्ह=डी:'. ही दर सेकंदाला तपासायची गरज नसते, म्हणून 'अपडेटडिव्हायडर=६०' द्या, म्हणजे मिनिटातून एकदा. संगीताच्या तालावर नाचणाऱ्या पट्ट्यांच्या स्किनमध्ये अपडेटचा आकडा फार लहान असतो. त्या सेकंदाला पन्नास-साठ वेळा पडदा रंगवतात आणि लॅपटॉपची बॅटरी खातात. बदल केल्यावर स्किनवर उजवी कळ दाबून रिफ्रेश करा. काही बिघडलं तर अबाउटमधल्या लॉगमध्ये कुठली ओळ चुकली ते लिहिलेलं असतं. विंडोज आणि डी दाबल्यावर स्किन गायब होत असेल तर तिच्या सेटिंगमध्ये पोझिशन 'ऑन डेस्कटॉप' करा. उच्च रिझोल्यूशनच्या पडद्यावर स्किन बारीक दिसते, कारण माप पिक्सेलमध्ये असतं. फॉन्टसाइज वाढवणं हा सोपा मार्ग.

दोन्ही साधनं जोडली की जुन्या साइडबारची खरी जागा भरून निघते. एव्हरीथिंगला '-सर्च' हा शब्द आणि त्यापुढे शोध देऊन सुरू करता येतं. रेनमीटरच्या मीटरमध्ये 'लेफ्टमाउसअपॲक्शन=' पुढे चौकटी कंसात एव्हरीथिंगचा पूर्ण मार्ग अवतरणात, मग -सर्च, मग अवतरणात 'एक्स्ट:पीडीएफ डीएम:थिसवीक'. पडद्यावर 'या आठवड्यातल्या पीडीएफ' अशी पाटी तयार, एका क्लिकवर यादी. शोध वारंवार बदलणारा असेल तर इनपुटटेक्स्ट प्लगइन वापरा. ते रेनमीटरसोबतच येतं. त्याच्या 'कमांड१' ओळीत शोधाच्या जागी डॉलर चिन्हांमधलं यूझरइनपुट ठेवा आणि मीटरच्या क्लिकला 'एक्झिक्यूटबॅच १' ही आज्ञा द्या. चौकटीत टाइप करून एंटर दाबलं की एव्हरीथिंग उघडतं. या चौकटीत अवतरणचिन्ह टाइप करू नका. बाहेरच्या अवतरणाशी ते गुंततं आणि शोध अर्धाच पोहोचतो. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो शोध एव्हरीथिंगमध्ये बुकमार्क म्हणून जतन करा आणि '-बुकमार्क' व त्याचं नाव देऊन पाटीला जोडा.

लिनक्सवर याच कामांना एफसर्च, रिकॉल आणि कॉन्की आहेत. तिथे आयएनआयच्या एन्कोडिंगचा त्रास नाही, पण ॲ आणि ऱ्यचा घोळ जसाच्या तसा. नवा संगणक घेताना दोन गोष्टी सोबत न्या: स्किन्सचं पूर्ण फोल्डर आणि ॲपडेटातली रेनमीटर आयएनआय. रेनमीटरच्या मॅनेज खिडकीतला लेआउट फक्त स्किनच्या जागा आणि सेटिंग जपतो, स्किन जपत नाही.